पहिल्या वेळचं कारण

१२ मार्च, बुधवार

काल ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी चुकीचा वार सांगितला आणि उत्कर्ष हसला. हल्ली सोमवार की मंगळवार ते खरंच कळत नाही. तेवढ्यासाठी ही वही. दुसरं काही कारण नाही.

अण्णा, माझे वडील, रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर येडशीतच स्टेशनच्या अलीकडं त्यांनी हे घर बांधलं. त्यांच्या आजारपणात मी पुण्याहून आले, कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली. अण्णांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. मी राहिले. इथं शांतता आहे, काम चांगलं होतं. माझा धाकटा भाऊ बालाजी तेराव्याला म्हणाला होता, ताई, घर बंद कर आणि आमच्याकडं चल. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. समजूतदार आहे तो.

सकाळी केंद्रातल्या दैवशाला सिस्टरांचा फोन आला. धाराशिवच्या एका डायलिसिस केंद्रासाठी आमच्या कंपनीनं सॉफ्टवेअर केलंय. कोणत्या पेशंटची पाळी कधी, कोणत्या मशीनवर, ते काउंटरच्या स्क्रीनवर दिसतं. ते सांभाळायचं काम माझ्याकडं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा तसंच. यादी मोकळी आलीय." मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. तो चालू होईपर्यंत फोन तसाच राहिला, त्या बोलत राहिल्या. त्यांच्या दारातल्या शेवग्याला औंदा खूप शेंगा आल्यात, सासूबाई पिठलं करतात त्यात घालून. शेंगा पिठल्यात घालतात हे मला माहीत नव्हतं. मग यादी आली आणि त्यांनी फोन ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. एकटीसाठी पुरण कोण घालणार? भात टाकला. गल्लीत पोरांचा गोंधळ होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या तारामतीकाकू बोलवायला आल्या होत्या, मी कामात आहे म्हणाले होते. तेव्हापासून बायका दारावरून तशाच पुढं जातात. बरंच आहे. उगाच तासन् तास जातात.

१७ मार्च, सोमवार

सकाळी धाराशिवला लाइट गेली होती. ती आल्यावर पुन्हा मोकळी यादी. सिस्टरांचा फोन, पुन्हा बंद-चालू, पुन्हा ठीक. दोन महिन्यांत हे किती वेळा झालं याची गणती मी ठेवलेली नाही, पण दर वेळी लाइटचा काहीतरी संबंध असतोच.

प्रोग्राम आतल्या आत एकच तक्रार लिहितो: पाळ्यांचा क्लास मिळत नाही. क्लास म्हणजे प्रोग्रामचा एक सुटा भाग, हा पाळ्यांची यादी बनवणारा. मी फाइल बघितली. क्लास जिथं असायला हवा तिथंच आहे. समोर बसलेल्या माणसाला गैरहजर म्हणावं तसला प्रकार. नव्यानं फाइल टाकून बघितली होती मागच्या वेळी, फरक पडला नाही. उत्कर्ष आमचा टीम लीड, माझ्यापेक्षा लहान. तो म्हणतो, रिस्टार्ट केलं की चालतंय ना, मग सोडा. पुण्यात बसून त्याला वीस गिऱ्हाइकं बघायची असतात. त्याचंही चूक म्हणवत नाही.

आज सिस्टर म्हणाल्या, मॅडम, तुमचा आवाज बसलाय. सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते म्हणून असेल. त्यांना म्हटलं, सर्दी आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवते.

काल सिस्टर रजेवर होत्या. काउंटरवर बंडप्पा म्हणून नवे गृहस्थ होते, पन्नाशीचे, महिन्याभरापूर्वी लागलेले. पहाटे लाइट जाऊन आली होती. पहिल्या बसनं म्हाळसाबाई नावाच्या बाई आल्या. सोमवार आणि गुरुवार त्यांची पाळी. बंडप्पांनी स्क्रीन बघितली, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. त्यांनी सांगितलं, आज तुमची पाळी नाही. म्हाळसाबाई परत गेल्या. नंतर आलेल्या लोकांनी आवाज चढवला, तेव्हा आतल्या तंत्रज्ञानं येऊन कॉम्प्युटर बंद-चालू केला आणि यादी आली. तोवर म्हाळसाबाईंची बस निघून गेली होती. त्यांच्याकडं फोन नाही.

आज सकाळी वस्तीवरच्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून आणलं. छातीत पाणी झालं होतं, श्वास घेता येत नव्हता. ताबडतोब मशीनवर घेतलं. जगल्या.

हे सगळं सिस्टरांनीच फोनवर सांगितलं. कुणाला बोल लावला नाही, आवाजही चढवला नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "मॅडम, ते एकदा नीट बघा की." आज शेवगा नाही, काही नाही.

दुपारी जेवले नाही.

२२ मार्च, शनिवार

सुट्टी असून उत्कर्षनं मीटिंग घेतली. सगळे बंडप्पांबद्दल बोलत होते. त्या माणसानं फोन का केला नाही, त्याला अक्कल नको का. मी म्हटलं, मोकळी यादी आणि बिघडलेली यादी स्क्रीनवर सारखीच दिसते, त्यांनी ओळखायचं कसं? उत्कर्ष म्हणाला, केंद्राला लेखी कळवू, लाइट आली की आधी रिस्टार्ट करायचं. चालतं प्रॉडक्ट उघडू नका, शिवांजली.

मीटिंग संपल्यावर मी नोंदी काढून बसले. प्रोग्राम जे काही करतो त्याची ओळ न् ओळ तिथं लिहिली जाते. क्लास मिळत नाही, क्लास मिळत नाही, हजारो वेळा तेच. स्क्रीन दर काही सेकंदांनी यादी मागते आणि दर वेळी ही एक ओळ पडते. नोंदींची जागा ठरावीक. भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात.

तिसरा चहा घेताना लक्षात आलं. कॉलेजात शिकलेलं, पण इतक्या वर्षांत कधी आडवं आलं नव्हतं. क्लास पहिल्यांदा लागतो तेव्हा प्रोग्राम एकदाच त्याची तयारी करतो. त्या तयारीत काही फसलं, तर फसण्याचं खरं कारण तो त्या पहिल्या वेळी सांगतो. त्यानंतर तो क्लास कायमचा बाद. प्रोग्राम बंद करेपर्यंत पुन्हा प्रयत्न होत नाही. कितीही वेळा मागा, एकच उत्तर, मिळत नाही. कारण विचारलं तरी नाही. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिची आमची आवृत्ती जुनी; नवीन आवृत्त्यांत म्हणे कारण पुन्हा सांगतात.

म्हणजे आम्ही सगळे दोन महिने जी ओळ वाचत होतो ती कारणाची नव्हतीच. कारण पहिल्या ओळीत होतं, आणि ती दर वेळी बाकीच्या ओळींखाली पुसली जात होती.

हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. उत्कर्षला मेसेज लिहिला. त्यानं अंगठा पाठवला.

२३ मार्च, रविवार

आज धाराशिवला गेले. रविवारी केंद्र बंद असतं. सिस्टर किल्ली घेऊन आल्या, बंडप्पांना मी मुद्दाम बोलावलं होतं. सिस्टरांना मी पहिल्यांदाच बघितलं. आवाजावरून उंच वाटल्या होत्या, त्या माझ्या खांद्याला लागतात. त्यांनाही मी वेगळी वाटले असेन. आम्ही दोघी जरा अवघडलो.

डायलिसिसच्या मशीनांना जनरेटर आहे, काउंटरला नाही. मी बंडप्पांना काउंटरचा मेन स्विच पाडायला सांगितला आणि थोड्या वेळानं चढवायला. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, प्रोग्राम आपोआप सुरू झाला, यादी मोकळी. मी लगेच नोंद उघडली. सगळ्यात वर, एकदाच, वेगळी ओळ होती: मुख्य सर्व्हरचा पत्ता सापडला नाही. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीकडं बघितलं. तिचे दिवे अजून लुकलुकत होते. तिला जागं व्हायला कॉम्प्युटरपेक्षा जास्त वेळ लागतो. क्लासची तयारी त्या मधल्या वेळात होते, सर्व्हर शोधते, सापडत नाही. मिनिटाभरानं इंटरनेट येतं, पण तोवर क्लास बाद झालेला, रिस्टार्ट करेपर्यंत.

एवढंसं. बंडप्पा माझ्याकडं बघत होते. मी त्यांना सांगितलं, तुमची चूक नव्हती, स्क्रीनच खोटं बोलत होती. त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

सिस्टरांना समजावून सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंजी एकदा बिनसलं की पुन्हा इचारायचंच न्हाय?"

"हो. तसंच बनवलंय ते."

"आसं का वो?"

मी सांगितलं, अर्धवट तयार झालेली वस्तू वापरली तर चुकीची माहिती जाईल, त्यापेक्षा ती न वापरलेली बरी, असा विचार आहे त्यामागं. त्या म्हणाल्या, ते खरं हाय, पण मधी इंटरनेट आलं हे त्याला कोण सांगणार? मी म्हटलं, तेच तर करायचंय.

निघताना त्यांनी विचारलं, म्हाळसाबाईंना भेटता का, शेजारच्या दवाखान्यात ठेवलंय. मला जायचं नव्हतं. गेले.

लहानशा, काळ्यासावळ्या बाई. डाव्या हाताची शीर सुयांनी फुगलेली. सिस्टर म्हणाल्या, या कॉम्प्युटरच्या मॅडम. म्हाळसाबाई उठून बसायला लागल्या, मी नको म्हटलं. कॉटच्या कडेला उभी राहिले. शेवटी एवढंच म्हटलं, त्या दिवशी तुमचं नाव दिसलं नाही, तो आमच्या कामातला दोष होता.

"व्हय का?" त्या माझ्याकडं वळल्या. "म्हंजी कुणी काढलं न्हवतं?"

"काय काढलं नव्हतं?"

"नाव. म्या म्हणलं, म्हातारी झाली, दुसऱ्या कुणाला तरी गरज आसंल. आता बास म्हणले आसतील. म्हणून गप गेले."

त्यांनी भांडण केलं नाही, विचारलंही नाही, ते यामुळं. जीव चालला होता आणि त्या शहाण्यासारख्या बसमध्ये जाऊन बसल्या.

मी म्हटलं, कुणीच काढलं नव्हतं हो. दोनदा म्हटलं. त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात थंड होता. सिस्टर खिडकीकडं बघत होत्या.

येताना बसमध्ये खिडकीशी बसले. उन्हानं डोळ्यांतून पाणी येत होतं.

२५ मार्च, मंगळवार

उत्कर्षला सांगितलं, हे मी बदलणार. तो म्हणाला, टेस्टिंगला माणूस नाही. मी म्हटलं, मी करते. तो म्हणाला, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, बरं. इतकी वर्षं नोकरी करते, पण असं पहिल्यांदाच बोलले.

सर्व्हर शोधायचं काम त्या एकदाच्या तयारीतून बाहेर काढलं. आता यादी मागितली की त्या वेळी शोधेल, नाही सापडला तर थांबून पुन्हा शोधेल. आणि काही बिघडलं तर मोकळी यादी दिसणार नाही. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येईल: यादी मिळालेली नाही, कुणालाही परत पाठवू नका, या नंबरवर फोन करा. नंबर माझा घातलाय.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली नाही, अण्णा असताना तेच उभारायचे. बालाजीचा फोन आला, दोन मिनिटं बोललो. त्याची मुलगी निकिता मागं काहीतरी गात होती. तो म्हणाला, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. त्यानं पुढं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दिवसभर घरातच टेस्टिंग केलं. इंटरनेटची तार काढ, लाव, काढ, लाव. दर वेळी यादी परत येते. बघायला मजा वाटत होती.

२ एप्रिल, बुधवार

केंद्रात नवीन आवृत्ती बसवली. सिस्टर फोनवर होत्या. मी त्यांना मेन स्विच पाडून चढवायला लावला. आधी मोठ्या अक्षरांतली सूचना आली. मग मी काही न करता, त्यांनी काही न करता, यादी आली. "आली, ताई," त्या म्हणाल्या. मॅडमवरून ताईवर कधी आल्या, माझ्या लक्षात आलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी वावटळ उठली, पत्रे वाजले, लाइट गेली. धाराशिवलाही गेली असणार. मी फोन मांडीवर घेऊन बसले. लाइट आली. फोन वाजला नाही. लॅपटॉप उघडून इथूनच नोंद बघितली: सर्व्हर सापडला नाही, सापडला नाही, सापडला, यादी दिली. जसं हवं होतं अगदी तसं.

काम झालं. समाधान वाटायला हवं, वाटलंही. चहा करून घेतला.

९ एप्रिल, बुधवार

लाइट सकाळी दोनदा गेली. फोन नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्कर्षनं मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. तक्रारी शून्यावर आल्यात म्हणाला. लगेच पुढचा विषय निघाला.

दुपारी मीच सिस्टरांना फोन केला, सहज, तपासणी म्हणून. त्या पेशंटजवळ होत्या. "सगळं झ्याक हाय, ताई, काय तक्रार न्हाय," म्हणाल्या आणि ठेवला. तक्रार नाही हे मला माहीत होतं. माझ्याकडून तो फोन अनाठायी झाला. कामाच्या माणसाला असं अडवू नये.

संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा आणल्या. पिठल्यात घातल्या. शेंगा कच्च्या राहिल्या, आधी उकडून घ्यायच्या असतात का ते विचारायला हवं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज केंद्रात जाऊन आले. जायचं तसं कारण नव्हतं. घरातून निघताना पिशवीत लॅपटॉप घातला, कुणी विचारलं तर सांगायला.

सिस्टरांनी विचारलंच, काही बिघडलंय का. मी म्हटलं, नाही, बघायला आले. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि खुर्ची ओढून दिली. बंडप्पांनी चहा आणला. म्हाळसाबाई आपल्या मशीनवर होत्या, डोळे मिटून. मी त्यांच्या शेजारी बसले. मशीन चालू असताना बोलायचं काही नसतं. रक्त नळीतून जातं आणि येतं. त्यांनी मधेच डोळे उघडले, मला ओळखलं आणि पुन्हा मिटले. लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही.

सुया काढल्यावर सिस्टरांनी नेहमीसारखं विचारलं, सोबत कोण आहे, एकटं जायचं नाही. म्हाळसाबाई म्हणाल्या, पोरगा स्टँडवर थांबलाय. बंडप्पांनी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

मीही नंतर स्टँडवर आले. म्हाळसाबाई बाकावर एकट्या बसल्या होत्या, हातावरची पट्टी पदरानं झाकून. मला बघून दचकल्या. मग म्हणाल्या, "त्याला काम निघालं आसंल." मी म्हटलं, असेल. मी त्याच बसनं चाललेय, येडशीला उतरते.

बसमध्ये शेजारी बसलो. गाव सुटायच्या आत त्यांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. काहीच वजन नाही. कंडक्टरनं येडशी, येडशी म्हणून हाक दिली. लोक उतरले. मी बसून राहिले. बस सुटल्यावर त्याला म्हटलं, चुकलं, पुढच्या वस्तीचं तिकीट द्या.

वस्तीवर उतरल्यावर त्यांनी मला विचारलं नाही, तुम्ही इथं कशा. फाट्यापासून घरापर्यंत हळूहळू चाललो, दोनदा थांबलो. दोन खोल्यांचं घर, दाराला कुलूप. किल्ली त्यांच्याच कनवटीला होती. आत भिंतीवर टोपी घातलेल्या तरुणाचा फोटो. मी बघत होते ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "श्रीनाथ. पुण्यात आसतो. दिवाळीला येतो." मघाशी स्टँडवर काही बोलणं झालंच नव्हतं, अशा साध्या आवाजात. मी म्हटलं, छान आहे फोटो.

मी निघायला लागले. परतीची बस सहाची होती. त्या म्हणाल्या, "घरी वाट बगत आसतील?"

मी हो म्हणणार होते. तोंडाला त्याचीच सवय आहे.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही घरी. एकटीच असते."

त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि परात पुढं ओढली. मी म्हटलं, तुम्ही आज काही करायचं नाही, मी थापते. माझी पहिली भाकरी तव्यावर मोडली. त्या हसल्या. दुसरी कशी फिरवायची ते बसल्या जागेवरून सांगत राहिल्या. शेजारच्या घरातून कालवण आलं. दोघी जेवलो. सहाची बस गेल्याचा आवाज आला, आम्ही दोघींनी ऐकला. शेजारच्यांच्या मुलानं नंतर मोटरसायकलवर सोडलं.

म्हाळसाबाईंची पुढची पाळी सोमवारी. त्यांची बस येडशीत थांबते. मी म्हटलंय, मी स्टॉपवर असेन.